सरांचा बिट

यातलं किती खरं घडलं आणि किती मी नंतर मनात घडवलं, याची खात्री मला देता येत नाही. त्या वर्षांच्या माझ्या तीन वह्या आहेत. वहीत एक लिहिलेलं असतं आणि मला आठवतं दुसरंच. वहीवर विश्वास ठेवावा म्हटलं, तर ती लिहिणारा माणूसही मीच!

किस्से साचतात ते लाकडाच्या भुशासारखे. काम चालू असताना कुणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी सदरा झटकला की कळतं, केवढा जमला होता. वीसेक वर्षांपूर्वी, मोबाईल नुकते शर्टाच्या खिशात मावायला लागले होते त्या काळात, मी वरवे बुद्रुकच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये रोज जाऊन बसत असे. तिथला भुसा मी अजून झटकतो आहे. मित्र म्हणतात, लिहून काढा. काढतो. पण यातली एकच गोष्ट मी स्वतः मोजून पाहिलेली आहे. बाकीचं ऐकीव समजा. माझ्याकडूनच ऐकलेलं.

*

शेड जगतापची. जगताप माझा जुना विद्यार्थी. मी पुण्यात चौतीस वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं. पीएच.डी. केली ती धातू कापणाऱ्या हत्याराच्या कोनांवर. निवृत्त होऊन भोरला राहायला आलो आणि महिन्याभरात लक्षात आलं, की भोरमध्ये कुणालाच कोनांची अडचण नाही. तेवढ्यात जगतापने लाकडावर अक्षरं आणि नक्षी कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन घेतलं. मला म्हणाला, "सर, तुम्ही नुसते येऊन बसा. तुमचं असणं पुरेसं आहे."

हे वाक्य मी तेव्हा स्तुती म्हणून ऐकलं.

मशीन टेम्पोतून उतरलं तेव्हा अर्धं वरवे बघायला जमलं होतं. त्यात गावातल्याच सुमनताई होत्या. पूर्वी पोल्ट्रीत कामाला जायच्या, आता जगतापने बोलावलं होतं. त्यांनी पदर खोचून मशीनभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "ह्यो सुतार लई ग्वाड हाय बगा. तंबाखू न्हाई, च्या न्हाई, पाव्हन्याच्या लग्नाला रजा न्हाई!"

पहिल्या दिवशी मशीनचा वेग किती ठेवायचा, याचं गणित मी सकाळभर केलं. सूत्रं लोखंडाची होती, फळी सागाची होती. हा फरक मला मशीन चालू झाल्यावर दोन मिनिटांनी कळला, धूर आला तेव्हा.

रंगकामाला भोरचे रशीदभाई होते. त्यांनी शांतपणे पाण्याची बादली आणून माझ्याशेजारी ठेवली आणि विचारलं, "सर, पाटी करायची का धुनी?"

*

रशीदभाईंविषयी थोडं सांगायला हवं. तीस वर्षं भोरच्या बाजारपेठेतल्या बहुतेक दुकानांच्या पाट्या त्यांनी हाताने रंगवल्या. मग प्लॅस्टिकवर छापलेले बोर्ड आले आणि वर्षभरात त्यांचं काम संपलं. तेव्हा ते पंचावन्नचे असावेत. जगतापने त्यांना शेडमध्ये घेतलं. इथे रंग फवारणीच्या गनने मारायचा होता, तरी ते आपले जुने ब्रश एका पत्र्याच्या डब्यात तेलात बुडवून ठेवत. रोज सकाळी डबा उघडून बघत आणि परत बंद करत.

मी एकदा विचारलं, "रशीदभाई, यांचं आता काय काम?"

"काम न्हाई, सर. पन ब्रश वाळला की मानूस बी वाळतो."

*

आमचं काम सांगायला सोपं होतं. फळीला आधी एक रंग द्यायचा. तो वाळला की त्यावर चिकट प्लॅस्टिकची पातळ फिल्म दाबून बसवायची. याला मास्किंग म्हणायचं. मग मशीनने त्या फिल्मसकट लाकूड कोरायचं. कोरलेल्या अक्षरांत दुसरा रंग मारायचा आणि शेवटी फिल्म सोलून काढायची. फळी स्वच्छ, अक्षरं तेवढी रंगीत. सुमनताई फिल्मला 'साल' म्हणत, आणि सोलायचं काम त्यांचं.

प्रत्यक्षात रंग सालीच्या खाली शिरायचा. लाकडाच्या रेषा धरून पुढे पुढे सरकायचा. साल सोलली की प्रत्येक अक्षराला मिशा फुटलेल्या!

पहिली पाटी भोरच्या एका दातांच्या डॉक्टरांची होती. पांढऱ्या फळीवर लाल अक्षरं. डॉक्टर ती न्यायला स्कूटरवरून आले आणि पाटीसमोर उभेच राहिले. लाल रंग प्रत्येक अक्षरातून खाली ओघळल्यासारखा दिसत होता.

"हे काय? रक्त सांडलंय का?"

जगताप जमिनीकडे बघायला लागला. मी लाकडाच्या तंतूंमधून द्रव कसा ओढला जातो, ते समजावून सांगू लागलो. माझं दुसरं वाक्य चालू असताना रशीदभाई म्हणाले, "डॉक्टरसायेब, वंगाळ काय हाय त्यात? पेशंटला भाईरच अंदाज येतोय!"

डॉक्टर हसले नाहीत. पाटीही नेली नाही. सुमनताईंनी ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. पुढे कित्येक वर्षं आम्ही सगळे दातांच्या डॉक्टरांचं नाव उचलून पाणी प्यालो.

*

मराठी अक्षरं कोरणाऱ्याचा अंत बघतात. 'ब' घ्या, 'व' घ्या, 'क' घ्या, प्रत्येकाच्या पोटात एक गोल. त्या गोलावरचा सालीचा तुकडा नखाएवढा. तेवढाच जागेवर टिकवायचा असतो, नाहीतर अक्षराचं पोट रंगाने भरतं. मशीन फिरायला लागलं की हे नखाएवढे तुकडे उडायचे. सुमनताई गुडघ्यांवर बसून शोधायच्या.

सारोळ्याच्या एका धाब्याची पाटी चालली होती. चार तुकडे उडाले आणि एकही सापडेना. सगळी शेड झाडून झाली. मला भोरला एका लग्नाला जायचं होतं म्हणून मी खिळ्यावर टांगलेला कोट चढवला आणि निघालो.

मंगल कार्यालयात माझ्या मागच्या रांगेत हशा पिकला होता. मला अशा वेळी आधी कोट उसवल्याची शंका येते. मी हळूच हात मागे नेऊन शिवण चाचपली. शिवण ठीक होती. मग मला वाटलं, माझ्याविषयी काही बोलणं चाललंय. मग वाटलं, ते खरंही असेल. या विचारांत तीन मंगलाष्टकं गेली.

तेवढ्यात त्याच लग्नाला आलेले रशीदभाई मागून आले आणि कानाशी म्हणाले, "हलू नका, सर. सारोळ्याचा धाबा तुमच्या पाटीवर हाय."

त्यांनी सालीचे चारही पिवळे तुकडे कोटाच्या पाठीवरून एकेक करून सोलून खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वापरले. एका तुकड्याला अक्षतेचा दाणा चिकटला होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही. तेवढ्या जागी साल बसली नाही आणि रंग शिरला. सारोळ्याच्या त्या पाटीवर एका अक्षराच्या पोटात तांदळाएवढा निळा ठिपका होता. धाब्याचा मालक म्हणे गिऱ्हाइकांना सांगायचा, "ती कारागिराची सही हाय."

*

हसण्यावारी नेण्याचे दिवस मग संपले. लागोपाठ तीन पाट्या वाया गेल्या. जगताप माझ्याकडे आला. "सर, रूट कॉज काढून द्या."

निवृत्तीनंतर मला कुणी पहिल्यांदाच असं काही मागितलं होतं. मी आठ दिवस खपून अकरा पानांचा अहवाल लिहिला. आलेखांसकट. कारणं अनेक असू शकतात, निश्चित सांगता येत नाही, अधिक प्रयोग हवेत, असं दहा पानं लिहिलं. शेवटच्या पानावर मात्र एक वाक्य होतं: 'रंगाचा पातळपणा हे संभाव्य कारण नाकारता येत नाही.'

जगतापने शेवटचं पान तेवढं वाचलं.

"म्हणजे रशीदभाई."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"पण नाकारलंही नाही ना, सर!"

त्याच आठवड्यात वेल्ह्याच्या एका शाळेची मोठी पाटी आमच्याकडे आली. सागाची सलग फळी, सहा फुटी, शाळेसाठी कुणीतरी दिलेली. तशी दुसरी मिळणार नव्हती. जगतापने सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही पाटी स्वच्छ निघाली, तर रंगकाम चालू ठेवू. ही पण फसली, तर पुढे नुसतं कोरीवकाम. रंग बंद."

रंग बंद म्हणजे कोण बंद, हे कुणी बोललं नाही. रशीदभाईंनी ब्रशचा डबा उघडला, आत बघितलं आणि बंद केला.

अकरा पानं लिहिणाऱ्या माणसाला तेव्हा एक वाक्य सुचलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई माझ्या खुर्चीपाशी आले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"सर, एक इचारू? कोरून झाल्याव, रंगाच्या आदी, सालीसकट कडंला चपड्याचा एक हात फिरवला तर?"

चपडा म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. जुने सुतार पॉलिशला वापरतात.

"त्यानं काय होईल?"

"चपड्याला रंग न्हाई. त्यो सालीखालच्या फटीत शिरंल आन् तितंच वाळंल. मंग मागनं येनाऱ्या रंगाला जायला जागा कुठं उरती?"

मी त्यांना बसवलं आणि शास्त्र समजावून सांगितलं. सध्या आपण कारण शोधतो आहोत. शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. दोन बदलल्या, तर यश कशामुळे आलं ते कळणार कसं?

रशीदभाईंनी थोडा विचार केला. "यश आलं तर कशानं का येईना, सर."

"नाही, रशीदभाई. असं चालत नाही."

"बरं."

त्यांचं 'बरं' फार लहान असायचं. माझ्या वहीत त्या तारखेला लिहिलेलं आहे, 'चपडा: नको.' खाली दोन रेघा मारल्या आहेत.

*

शाळेची फळी देणारे गृहस्थ कोंडिबा. वेल्ह्याच्या वर डोंगरात त्यांची वाडी. शेळ्यामेंढ्या राखून आयुष्य गेलेलं, नातवंडं त्या शाळेत शिकत होती. साग त्यांच्या बांधावरचा. फळीचं काय करणार ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एक दिवस एसटीने आले, मशीनसमोर उकिडवे बसले आणि काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

सुमनताई तोवर मशीन चालवायला शिकल्या होत्या. त्या एका टाकाऊ फळीवर अक्षरं कोरून दाखवत होत्या. कोंडिबा बराच वेळ फिरणाऱ्या बिटकडे, म्हणजे कोरणाऱ्या पात्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यी शेळी हाय."

"काय?" मी विचारलं.

"शेळी वरनं वढती, सर. पाला तोडताना फांदीची साल बी संगं येती. मेंढरू कसं, खाली तोंड दाबून कापतं. ही तुमची सुई वर वढतीया. बगा की, साल कशी उचाकती."

मी उठलो. भिंग काढलं. वाकून बघितलं. कोरलेल्या प्रत्येक कडेला साल केसभर वर उचलली गेली होती. आमच्या बिटचे आटे भुसा वर खेचणारे होते. भुशाबरोबर ते सालही वर खेचत होते. त्या फटीतून रंग आत जात होता. रंग पातळ नव्हता. रंगाचा काही दोषच नव्हता.

तीन महिने मी त्या मशीनपासून चार फुटांवर बसलो होतो.

"कोंडिबा, तुम्हाला हे लगेच कसं दिसलं?"

"म्या खाली बसलोय," ते म्हणाले. "तुमी खुर्चीवर."

*

उलट्या आट्यांचा बिट मिळतो. तो भुसा खाली दाबतो आणि साल जागेवर राहते. असा बिट आणणं आता माझं कर्तव्य होतं. मी पहिल्या एसटीने पुण्याला गेलो. दुकानदाराला आट्यांची दिशा, कोन, धारेची जाडी, सगळं वहीतून वाचून दाखवलं. त्याने शेवटी दांड्याविषयी काहीतरी विचारलं. मी कोनाच्या विचारात होतो. "हो, हो, तोच," म्हणालो.

बिट रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. पडेल म्हणून येताना सबंध प्रवासभर हात छातीवर दाबून धरला. कात्रजच्या घाटात शेजारच्या बाई म्हणाल्या, "बाबा, दुखतंय का वो?"

मी "नाही नाही" म्हणालो, पण चेहरा माझा नेहमीचाच होता. त्यांनी कंडक्टरला हाक मारली. एसटी थांबली. मला पुढच्या सीटवर नेलं. कुणी पाणी दिलं, कुणी पिशवीतून लिंबू काढलं. कुणीतरी म्हणालं, आडवं करा. तेव्हा नाइलाजाने मी रुमाल उलगडून दाखवला.

कंडक्टरने बोटाएवढ्या पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दोनदा बेल मारली. "चला! एवढ्याला कुनी काळजापाशी धरतं व्हय!"

त्यांना कसं सांगणार, त्या बोटाएवढ्या पात्यावर एका माणसाची नोकरी होती. आणि ती मी घालवत आणलेली होती.

*

शाळेच्या पाटीच्या दिवशी मी बिट सुमनताईंच्या हातात दिला आणि शेडबाहेर गेलो. मला बघवत नाही. कॉलेजात असतानाही निकालाच्या दिवशी मी रजा टाकत असे, आणि निकाल विद्यार्थ्यांचा असे! जगताप कामासाठी नसरापूरला गेला होता. आत सुमनताई आणि रशीदभाई दोघेच. मी मागच्या बाजूला एका उलट्या डब्यावर भातखाचरांकडे तोंड करून बसलो.

बराच वेळ मशीन सुरूच होईना. आत दोघांचं दबक्या आवाजात काहीतरी चाललं होतं. मग सुरू झालं. आवाज मला जुन्याच बिटसारखा वाटला. पण माझे कानही जुने आहेत, अशी मी समजूत काढली.

दुपारी मशीन थांबलं. थोड्या वेळाने स्पिरिटचा वास आला. चांगला दरवळला. मी बाहेरूनच विचारलं, "सुमनताई, वास कसला?"

आत एक झाकण घाईने लागलं.

"हात धुतले, सर. स्पिरिटनं."

"एवढा वास?"

"पाटी लई मोठी हाय न्हवं!"

हे उत्तर मला त्या वेळी पटलं. एखादी गोष्ट पटायची असली की माणसाला फारसं शिक्षण आडवं येत नाही.

दुसऱ्या दिवशी साल सोलायला सगळे जमले. जगताप, शाळेचे हेडमास्तर, कोंडिबा. सुमनताईंनी एक कोपरा नखाने उचलला आणि साल सावकाश, जवळजवळ आडवी ओढत नेली. रशीदभाई भिंतीशी उभे होते, ब्रशचा डबा दोन्ही हातांत धरून. घरी न्यायला काढला होता की काय, मी विचारलं नाही.

साल निघाली. सहा फूट फळीवर एकाही अक्षराला मिशी नव्हती. कडा अशा, की नख लावलं तर कापेल.

कोंडिबांनी अंगठा फिरवून बघितला. "आता मेंढरावानी झालं."

जगताप वाकून माझ्या पाया पडला. "सर! तुमचा बिट!"

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते डबा खाली ठेवत होते. म्हणाले, "व्हय. सरांचा बिट."

सुमनताईंना तेव्हा मोठा खोकला आला आणि त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. भुशाने होतं असं.

*

शाळेने मला शाल आणि नारळ दिला. पाटीच्या खाली उभा राहून मी मुलांना पाऊण तास आट्यांची दिशा समजावून सांगितली. पुढच्या रांगेतली दोन मुलं झोपली. सगळ्यात शेवटी, दाराशी उभे राहून, सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या त्या रशीदभाईंनी.

रंगकाम चालू राहिलं. जगताप म्हणाला, पद्धत लिहून भिंतीवर लावू. मी आठ नियम लिहून दिले. पहिला: 'बिट खाली दाबणाराच वापरावा.' आठवा: 'चपडा वगैरे अनावश्यक.' तो कागद रशीदभाईंनी स्वतः काचेत बसवून आणला आणि स्वतः खिळा ठोकून लावला. त्यांच्या रंगाच्या टेबलाच्या अगदी वर.

पुढे एकही पाटी फसली नाही. मला मात्र माझा बिट कधी नीट बघायला मिळाला नाही. मागितला की रशीदभाई म्हणायचे, "धार लावाया दिलाय." कधी म्हणायचे, "आत्ताच काढला, सर, चटका बसंल." एकदा सारोळ्याहून एक सुतार खास 'सरांचा बिट' बघायला आला. त्याला त्यांनी सांगितलं, "दावला की धार जाती."

तो बिचारा मान हलवत परत गेला. आणि मी? मी वहीत लिहिलं, 'हाताळणीने धार बोथट होण्याचा वेग: तपासावा.'

जगतापला फक्त एक कोडं पडायचं. "सुमनताई, आपल्याला एवढं स्पिरिट कशाला लागतं?"

"हात धुवाया. सरास्नी स्वच्छता लागती!"

*

मशीन विकलं तेव्हा मी सत्तरीच्या पुष्कळ पुढे गेलो होतो. रशीदभाईंनी त्याच्या वर्षभर आधी नजर अधू झाली म्हणून काम थांबवलं होतं. जाताना त्यांनी ब्रशचा डबा तेवढा बरोबर नेला. भोरला मुलाच्या दुकानात बसायचे. मी गेलो की मुलाला सांगायचे, "खुर्ची दे. ह्ये बिटवाले सर."

मशीन न्यायला टेम्पो आला. चढवून झालं, दोर आवळणं चालू होतं. सुमनताई आतून बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आल्या.

"सर, तुमची वस्तू. रशीदभाई म्हनले व्हते, सरांनी लईच हट्ट धरला तर द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. आता मशीनच चाललं. कुनाला देऊ?"

डब्यात माझा रुमाल होता. निळ्या काठाचा. कात्रजच्या घाटात सबंध एसटीने बघितलेला. उलगडला. आत बिट होता. धारेवर कारखान्यात लावलेलं पिवळं मेण जसंच्या तसं होतं, एक ओरखडाही नव्हता.

मी सुमनताईंकडे बघितलं. त्या टेम्पोवाल्याला दोर नीट आवळायला सांगत होत्या. मोठ्या आवाजात.

"दोन मिनिटं थांब," मी टेम्पोवाल्याला म्हणालो आणि वर चढायला लागलो. सुमनताईंनी हात दिला. मशीनला बिट पकडणारं जे तोंड असतं, ते जुनंच होतं, पहिल्या दिवसापासूनचं. चौतीस वर्षांच्या सवयीने बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात होता. आधी तोंड मोजलं: सहा मिलिमीटर. मग मी आणलेल्या बिटचा दांडा मोजला: पाव इंच. म्हणजे सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर.

तीनदा मोजला. मग लावूनही बघितला. जात नव्हता.